वाटणी सर

सर गेल्याची बातमी आमच्या ग्रुपवर सकाळी आली. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. ती रांग संपायच्या आत कुणीतरी पुढच्या मोर्चाच्या बॅनरचा मजकूर टाकला, आणि सगळे बॅनरवर बोलायला लागले. ‘हवामान वाचवा’ लिहायचं की ‘हवामानाचे मारेकरी ओळखा’? संध्याकाळपर्यंत सरांचं नाव वर सरकून दिसेनासं झालं. शोकसभा झाली नाही. ज्या माणसानं आमच्यातल्या निम्म्या पोरापोरींना हवामान म्हणजे काय ते शिकवलं, त्याच्यासाठी हवामानवाल्यांकडे एक तास निघाला नाही.

म्हणून हे लिहिते आहे. पत्रक लिहायची सवय आहे, त्यामुळे मधेच आवाज चढेल. पण हे पत्रक नाही. सर पत्रकात मावत नाहीत. तो प्रयत्न आम्ही करून बघितला आहे.

शिवमूर्ती बिराजदार. लातूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवायचे. कपाळावर विभूतीचे पट्टे, पांढरा बुशशर्ट, आणि खिशात खडू. रिटायर झाल्यावरसुद्धा खडू. हॉटेलच्या टेबलावर, एसटी स्टँडच्या फरशीवर, एकदा तर आमच्या जीपच्या बॉनेटवर त्यांनी तो चालवला. काढायचं एकच. वरून खाली एक उभी रेघ.

वर्गात आले की हजेरी नाही, प्रस्तावना नाही. फळ्याच्या मधोमध ती रेघ. डावीकडे ‘निसर्ग’, उजवीकडे ‘माणूस’. मग हात झटकत वळायचे.

“बोला. हवा तापून राहिली. वाटणी कराची हाय. थोरल्याच्या वाट्याला काय, धाकट्याच्या वाट्याला काय?”

थोरला म्हणजे निसर्ग. धाकटा म्हणजे आपण. पोरं हसायची. पण भावकी काय असते हे लातूर जिल्ह्यात कुणाला शिकवावं लागत नाही, त्यामुळे मुद्दा लगेच कळायचा. बांध कुणी कोरला, झाड कुणाच्या हिश्श्यात, यावर पिढ्या बोलत नाहीत. सर म्हणायचे, जगात सध्या चाललेलं भांडण असलंच आहे. धाकट्यानं घर जाळलंय आणि कोर्टात सांगून राहिलाय, थोरल्याच्या चिलमीची ठिणगी पडली.

“मग काय करायचं, सर?”

“थोरल्याचं आधी देऊन टाकायचं. जे हाय ते सगळं. खळखळ करायची न्हाई. मग मागं उरंल ते आपलं. आन् ते आपलं म्हनून गुमान घ्याचं.”

हा त्यांचा एकच सिद्धांत. पोरं त्यांना ‘वाटणी सर’ म्हणायची, पाठीमागं आणि तोंडावरसुद्धा.

थोरल्याचं देताना सर हात आखडत नसत. पहिल्याच तासाला ते मैदानातला एक काळा दगड उचलून आणायचे आणि बाकाबाकावरून फिरवायचे. हातात घ्या, म्हणायचे. हा दगड कधीकाळी पातळ होता, पेटलेला होता. आपण जिथं बसलोय तिथं जमीन फाटून हा वर आला, थरावर थर चढला, आणि त्याच्या धुरानं अख्ख्या पृथ्वीची हवा बदलली. तेव्हा माणूस होता का? कारखाना होता का? न्हाई. “हा आपला मराठवाडा थोरल्याच्या रागावर उभा हाय. त्याला कमी लेखायचं न्हाई.” मग सूर्य. मग तिकडं पेरू देशाकडच्या समुद्राचं पाणी तापलं की इकडं आपल्या ढगांचं कसं बिनसतं, ते. दुर्गादेवीच्या जुन्या दुष्काळापासून बहात्तरच्या दुष्काळापर्यंत सगळं डाव्या बाजूला मांडायचे. फळ्याची ती बाजू भरून जायची.

मग खडू रेघेच्या पलीकडं न्यायचे आणि आवाज खाली यायचा. सूर्य तितकाच तापतोय, मग हवा का चढली? आजच्या सगळ्या ज्वालामुखींचा धूर एकत्र केला तरी आपल्या कोळसा-डिझेलपुढं किरकोळ आहे. आणि सूर्यानंच तापवलं असतं, तर वरची हवा आणि खालची हवा, दोन्ही तापल्या असत्या. वरची तर गार होऊन राहिली! “म्हंजे ऊन वाढलं न्हाई. गोधडी वाढली. गोधडी कुनी शिवली?”

उत्तर द्यायचं ते तिथं. मी पहिल्यांदा तो तास ऐकला तेव्हा अकरावीत होते. मी मात्र सर डाव्या बाजूला असतानाच उठून ओरडले होते, “सर, हे सगळं माणसानंच केलंय!”

सरांनी खडू खाली केला. “नाव काय तुझं?”

मी सांगितलं.

“न्हाई. तुझं नाव पत्रक. एका बाजूलाच छापलेली हायेस.”

पुढं मी खरंच पत्रकं लिहायला लागले आणि सरांना फार आनंद झाला. “ये पत्रक, बस,” हे त्यांचं स्वागत.

बसायला एकच खुर्ची होती. गंजगोलाईच्या बाजारामागं एका इमारतीच्या गच्चीवर त्यांची पत्र्याची खोली. खुर्ची दाराबाहेर ठेवलेली असायची, येणाऱ्यासाठी. येणारं कोण? लातूर म्हणजे क्लासचं गाव. जिल्ह्याजिल्ह्यांतून पोरं येतात, खोल्या घेतात, भिंतींवर टॉपरांचे फोटो लागतात. त्यात भूगोल कुठंच नाही. भूगोलाचा क्लास कोण लावतो? डॉक्टर व्हायचंय, इंजिनिअर व्हायचंय. ज्या पृथ्वीवर उभं राहून व्हायचंय तिच्याबद्दल एक प्रश्नही नको. घरमालकाचा मुलगा त्याच जिन्यानं बाजूच्या गच्चीवर अभ्यासाला जायचा. सर त्याला हाक मारायचे, “अरे, मान्सूनचं काही विचाराचं हाय का?” तो म्हणायचा, “सिलॅबसमध्ये नाय सर.” रोज तेच उत्तर. सर रोज विचारायचे.

लग्न केलेलं नव्हतं. भाकरी स्वतः थापायचे, भाजी खालच्या खानावळीतून. जेवताना बोलायचे. मी असले तर माझ्याशी, नसले तरी बोलत असावेत, कारण जिना चढताना त्यांचा आवाज यायचा आणि वर गेलं की दुसरं कुणी नसायचं. मी एकदा विचारलं, “कोणाशी बोलत होता?”

“उजळणी करून राहिलो होतो,” ते म्हणाले. “वर्ग न्हाई म्हनून धडा इसरायचा का?”

लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या वर्षीची गोष्ट. टँकरपुढं घागरींच्या रांगा, रांगांवर पोलीस. आमच्या संघटनेनं चौकसभा घेतली. आमचे प्रमुख किशोरदादा. दादांचा आवाज असा की स्पीकर नसला तरी चालतो. त्यांनी सरांना बोलायला आणलं. ‘ज्येष्ठ भूगोलतज्ज्ञ’ असं फलकावर लिहिलं. सरांनी खडू काढला आणि चौकातल्या डांबरावर रेघ मारली!

“पाऊस कमी पडला. हा थोरला. असा तो आधीबी कमी पडलेला हाय, आपल्या आज्यानं बघितलंय. त्याचं त्याला देऊन टाका.” लोक ऐकत होते. “आता पलीकडं या. जेवढा पडला तेवढ्यात प्यायला पुरलं असतं का न्हाई? मग त्ये गेलं कुठं? उसात गेलं. बोअरनं पाताळातून उपसून उसात गेलं. हा धाकटा. आन् पुढं हवा तापंल तसा थोरलाबी चढा बोलू लागंल, त्येबी आपल्यामुळं.”

झालं. पुढच्या रांगेत उसाचे मळेवाले होते, ते उठून गेले. दादा दात खाऊन म्हणाले, “सर, आपण सरकारच्या विरोधात बोलायला जमलोय. तुम्ही पावसाची वकिली काय करताय?” आणि दुसऱ्या दिवशी एका स्थानिक पेपरात चौकट आली: ‘दुष्काळ इथे नेहमीचाच, तो निसर्गाचा भाग – ज्येष्ठ भूगोलतज्ज्ञ’. पलीकडची बाजू कापून टाकलेली. रेघेच्या अलीकडचं तेवढं छापलं!

मी पेपर घेऊन जिना चढले. सरांनी चष्मा लावून वाचलं. “चूक काही न्हाई लिवलेलं,” ते म्हणाले. “अर्धं हाय.”

“सर, अर्धं म्हणजे खोटं!”

“तुझी पत्रकं?”

त्यांनी पेपरची घडी घातली, खुर्ची दाराबाहेर नेऊन ठेवली आणि आत जाऊन भाकरी थापायला लागले. त्यानंतर आमच्या संघटनेनं त्यांना बोलावणं बंद केलं. मळेवाल्यांनी तर नावच टाकलं. दोन्ही गोष्टी एका दमात सांगणाऱ्या माणसाला आपल्याकडं बसायला जागा नाही. रेघेवर कुणी बसतं का?

सर असे का, हे मला किल्लारीकडं गेल्यावर कळलं. भूकंपाच्या तारखेला ते दरवर्षी जायचे. एका वर्षी मी सोबत होते. त्यांचं मूळ गाव तिकडचंच. जुन्या जागी आता ढिगारे आणि वेड्या बाभळी, नवं गाव लांब सरळ रेषेत वसवलेलं. जीपनं फाट्यावर सोडलं. सर बाभळीतून चालत एका उंचवट्यापाशी थांबले. आई, वडील, धाकटी बहीण. गणपती बोळवून सगळे झोपले होते. सर तेव्हा नांदेडला नोकरीला होते, म्हणून राहिले.

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, “निसर्गापुढं काय चालतं, सर.”

सरांनी माझ्याकडं बघितलं. मग वाकून एका जागची पांढरी माती उचलली.

“जमीन हालली, त्ये थोरल्याचं. त्याला मी काही म्हनत न्हाई. पर हे माळवद हाय, आमच्या घराचं मातीचं छत. पावसाच्या आधी दरसाल वर मातीचा थर टाकायचा. गळू नये म्हनून, उन्हाळ्यात खाली गार राहावं म्हनून. आज्यानं टाकला, बापानं टाकला. जुना कुनी काढला न्हाई. एका सालाचा थर किती? बोटभर. कुनाच्या डोळ्यात येतो? त्या साली आप्पांचं गुडघं दुखत होतं, म्हनून शिडीवर मी चढलो.” त्यांनी मूठ उघडली. माती पडली. “जमीन हालली म्हनून सगळेच मेले न्हाईत. बाजूला कुडाच्या घरातली मानसं बाहेर पळाली. आमच्यावर आमचं छत पडलं.”

मी म्हणाले, “एका थरानं काही झालं नसतं, सर.”

“न्हाईच. कुठल्याच एका थरानं झालं न्हाई,” ते म्हणाले. “म्हनून तर वाटणी करावी लागती. न्हाईतर सगळं भूकंपावर ढकलून मानूस निवांत झोपतो.”

परतीच्या वाटेवर जीपमध्ये शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, “कुणाकडं गेला होता पावनं?” सर म्हणाले, “घरी.”

आता शेवटचं. ग्रुपवर ती बातमी आली त्याच्या आदल्या दिवसाचं.

देगलूरच्या पुढं, तेलंगणाच्या बाजूला एक कारखाना यायचा होता. कोळशावर चालणारा. त्याची जनसुनावणी लागली. गावातले विरोधात होते, आम्ही विरोधात होतो. आणि कंपनीनं गावात जे माहितीपत्रक वाटलं, त्यात ती जुनी चौकट होती. ‘लातूरचे ज्येष्ठ भूगोलतज्ज्ञ म्हणतात, हवामानाचे चढउतार हा निसर्गाचा भाग.’ सरांचं वाक्य कोळशाच्या बाजूनं उभं केलेलं.

मी ते पत्रक सरांना दाखवलं.

“मी येतो,” ते म्हणाले. “माझं अर्धं राहिलेलं हाय. ते त्या सुनावणीच्या दप्तरात चढलं पायजे. बाकी काई नको.”

एवढंच हवं होतं त्यांना. कारखाना थांबवणं त्यांच्या हातात नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या नावावर अर्धं सत्य राहू नये. मी त्यांना विनवलं, “सर, बाहेरच्यांना दोनच मिनिटं देतात. ह्या वेळी उलट करा. आधी माणूस घ्या, निसर्ग राहिला तर राहिला.”

“मग उरलेलं कशातून उरलं, ते लोकांला कसं कळंल?”

“नाही कळलं तरी चालेल!”

“पत्रक,” ते म्हणाले, “एक मिनिट थोरल्याचं, एक मिनिट आपलं. बसतंय. मी बसवून बघितलंय.”

सुनावणी उन्हाळ्यातली, दुपारची. शेतात मोठा मंडप, प्लास्टिकच्या खुर्च्या. मोठाले कूलर लावलेले, सगळे स्टेजवरच्या साहेबांकडं तोंड करून. लोकांकडं एकसुद्धा नाही! मराठी, तेलुगू, कन्नड, सगळ्यांत लोक संतापून बोलत होते आणि स्टेजवर एक साहेब मान डोलवत होते. सर उदगीरमार्गे एसटी बदलत आले होते. शर्ट घामानं पाठीला चिकटलेला, विभूती ओघळलेली. त्यांचं नाव पुकारलं तेव्हा कंपनीच्या माणसांनी वळून बघितलं.

सर माइकपाशी उभे राहिले. खिशातून खडू काढला. मारायला फळा नव्हता, म्हणून नुसता हातात धरला. आणि सुरू झाले. काळा दगड. सूर्य. पेरूचं पाणी. नेटकं, मोजून. खरंच बसत होतं.

मागून कुणीतरी ओरडलं, “सर, ऐकू येईना गेलंय!”

माइक खरखरत होता. दुसरा कुणी असता तर आवाज चढवून पुढं गेला असता. पण जन्मभर मास्तरकी केलेला माणूस. शेवटच्या बाकावर ऐकू गेलं नाही म्हणजे शिकवलंच नाही. सर थांबले, मागं बघितलं आणि म्हणाले, “बरं. पुन्हा.” आणि पहिल्यापासून सुरू केलं. काळा दगड. सूर्य. पेरूचं पाणी.

“सर, पुढं चला!” मी ओरडले. मागचे पुन्हा ओरडले, “आता येतंय ऐकू, बोला!” सर त्यांच्याकडं बघून प्रसन्न हसले. “हाव. तर हे झालं थोरल्याचं,” ते म्हणाले, आणि हात डावीकडून उजवीकडं नेला.

घंटा वाजली.

“धन्यवाद,” साहेब म्हणाले. “हवामान नैसर्गिक कारणांनी बदलते, हा आपला मुद्दा नोंदवून घेतला आहे.”

“साहेब, अर्धं झालंय. पुढं हाय—”

“वेळ संपली. पुढचे नाव.”

कंपनीच्या रांगेतून टाळ्या आल्या. मनापासून. सर त्या टाळ्यांकडं बघत राहिले. माइक त्यांच्यापुढून उचलून दुसऱ्याच्या हातात दिला, तरी ते तिथंच उभे होते. मी स्टेजकडं धावले, भांडले, पोलिसानं दंडाला धरून बाजूला केलं. किशोरदादा खेकसले, “ह्यांना बोलावलं कुणी?” मग आमच्या घोषणा सुरू झाल्या, त्यात ते सगळं बुडालं. साहेबांनी सुनावणी संपल्याचं सांगितलं आणि गाड्या धूळ उडवत निघून गेल्या. लोक पांगले.

आम्ही जीपमध्ये बसलो. सर दिसेनात. मी उतरून मंडपाकडं गेले.

मंडपवाले आवराआवर करत होते. देगलूरचे खाजाभाई आणि त्यांची माणसं खुर्च्यांत खुर्च्या घालत होती, काहीजण वरचं कापड सोडत होते. आणि सर होते तिथंच उभे राहून बोलत होते. दुसरा भाग. माइक गेलेला, वायर गुंडाळलेली. ते वर्गातल्या आवाजात, रिकाम्या रांगांकडं बघत सांगत होते. सूर्य तितकाच, मग हवा का चढली?

“मास्टरसाब,” खाजाभाई अदबीनं म्हणाले, “बोलो, बोलते रहो. पर जरा बाजूला सरका. कपडा उतारना है.”

सर सावलीसकट सरकले आणि बोलत राहिले.

मी म्हणाले, “सर, चला. जीपमध्ये जागा केलीये.”

“तू जा, पत्रक. तुला हे म्हाईत हाय.” त्यांनी खडूनं खुर्च्या उचलणाऱ्यांकडं दाखवलं. “ह्यांला न्हाई म्हाईत.”

ऐकत कुणीच नव्हतं. एक पोरगा कानात वायर घालून दोऱ्या सोडत होता. मी हात धरायला गेले. त्यांनी तो हळूच सोडवला. “मधी उठायचं न्हाई मला,” ते म्हणाले. “मी एसटीनं येतो.”

मी परत गेले. जीप वळली तेव्हा मागच्या काचेतून दिसलं. कापडाचा एकेक पट्टा खाली येत होता. सावलीचा चौकोन लहान होत चालला होता, आणि सर एकेक पाऊल मागं घेत त्यात मावत होते. मग शेवटचा पट्टा पडला. उघड्या शेतात, दुपारच्या भर उन्हात ते उभे होते. डोक्यावर काही नाही, समोर कुणी नाही. त्यांचा उजवा हात हवेत होता, रेघेच्या पलीकडं. ओठ हलत होते.